फोनवरचा व्हिडिओ लॅपटॉपवर उघडत नाही, आवाज येतो पण चित्र काळं: कारण आणि उपाय

"फाइल कॉपी झालीय, आवाज पण येतोय, चित्रच नाही की ओ."

बेळगावात वैशाखातली शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक संपली की मंडळांची पोरं हेच वाक्य घेऊन येतात. लग्नसराईत खानापूर, निपाणीकडची घरं येतात. कडोली, येळ्ळूर, उचगावच्या साहित्य संमेलनांत पाहुण्यांची भाषणं फोनवर टिपून ठेवणारे कार्यकर्ते येतात. मी शहापुरात कॉम्प्युटर दुरुस्तीचं काम करतो. फोन नवा, केबल चांगली, लॅपटॉप चालू, तरी व्हिडिओ दिसत नाही ही तक्रार दर हंगामात नव्याने माझ्या टेबलावर येते. म्हणून एकदा सगळं नीट लिहून ठेवतोय.

लक्षणं अशी असतात. आयफोन किंवा नव्या अँड्रॉइड फोनवरून व्हिडिओ लॅपटॉपवर घेतला. फाइल पूर्ण आकाराची दिसते. उघडली की काळा पडदा आणि मागे सनई, किंवा 'कोडेक नाही' असा निरोप (कोडेक म्हणजे व्हिडिओ दाबून साठवायची आणि परत उलगडायची पद्धत), किंवा स्टोअरमधून अमुक विकत घ्या अशी पाटी. तोच व्हिडिओ व्हॉट्सअॅपवरून आला की झकास चालतो. यूट्यूबही त्याच लॅपटॉपवर बिनतक्रार चालतं. फोटोंचंही तेच: एचईआयसी नावाची फाइल येते, विंडोज उघडत नाही, आणि ऑनलाइन अर्ज तर तिला हातच लावत नाही, कारण त्याला जेपीजी हवा असतो. अर्जाची मुदत रात्री संपणार असते आणि पोरगं फोटोशी झुंजत बसलेलं असतं.

आधी एक कळकळीची विनंती. काहीही पुसू नका आणि लॅपटॉप फॉरमॅट करू नका. फाइल शाबूत असते. ती खराब झाली असं समजून मूळ व्हिडिओ फोनवरून पुसून टाकलेली घरं मी पाहिली आहेत, आणि त्यात आता हयात नसलेल्या माणसांचे चेहरे होते. दुसरं, 'फ्री कोडेक पॅक' म्हणून इंटरनेटवर जे मिळतं त्याच्या वाटेला जाऊ नका. त्यातल्या कित्येकांसोबत जाहिरातींचे आणि हेरगिरीचे प्रोग्रॅम येतात. तिसरं, कोणी 'विंडोज नवीन टाकावी लागेल' म्हणून पैसे सांगितले तर थांबा. नव्याने टाकलेल्या विंडोजमध्येही हा व्हिडिओ तसाच काळा दिसू शकतो.

दोन मिनिटांत खात्री करा

व्हीएलसी हा फुकटचा प्लेअर त्याच्या मूळ, व्हिडिओलॅनच्या साइटवरून उतरवा. त्यात तो व्हिडिओ उघडा. टूल्स मेनूत 'कोडेक इन्फर्मेशन' आहे, किंवा कंट्रोल आणि जे एकत्र दाबा. तिथे कोडेकच्या ओळीत एचईव्हीसी किंवा एच.२६५ (एकाच कोडेकची दोन नावं) लिहिलेलं असेल तर दुखणं हेच: व्हिडिओ अशा नव्या पद्धतीने दाबलेला आहे, जी तुमच्या विंडोजला उलगडता येत नाही. एच.२६४ किंवा एव्हीसी, म्हणजे जुना, सगळीकडे चालणारा कोडेक, लिहिलं असेल तर तुमची अडचण वेगळी आहे. फाइल अर्धवट कॉपी झाली असेल किंवा कार्ड खराब असेल, आणि पुढचं सगळं तुमच्या कामाचं नाही.

बहुतेकांचं काम इथेच संपतं, कारण व्हीएलसीत चित्र दिसायला लागतं. त्याला विंडोजकडच्या कोडेकची गरज नाही, तो स्वतःचा घेऊन येतो. व्हिडिओ फाइलवर राइट क्लिक करून 'ओपन विथ'मध्ये व्हीएलसी कायमचा नेमून टाका.

व्हीएलसीत चित्र दिसतं पण अडखळत चालतं, तर कारण लॅपटॉपच्या ताकदीत आहे. एच.२६५ उलगडायला बरंच गणित लागतं. इंटेलच्या सहाव्या पिढीपासूनच्या, म्हणजे २०१५ नंतरच्या प्रोसेसरमध्ये त्यासाठी वेगळी सोय आहे, आणि १० बिटच्या, म्हणजे जास्त रंगछटांच्या, व्हिडिओसाठी सातव्या पिढीपासून. त्याआधीचा लॅपटॉप असेल तर फोरके (फुल एचडीच्या चौपट बारकाव्याचा) व्हिडिओ त्याला झेपणार नाही. अशा वेळी हँडब्रेक हा फुकट प्रोग्रॅम घ्या, 'फास्ट १०८०पी३०' हा तयार पर्याय निवडा आणि एच.२६४ ची प्रत काढून घ्या. जुन्या लॅपटॉपवर तासाभराच्या लग्नाला रात्र जाऊ शकते, तेव्हा झोपण्याआधी लावून द्या. मूळ फाइल मात्र जपून ठेवा. रूपांतरात दर्जा थोडा उतरतोच, आणि उतरलेला परत मिळत नाही.

विंडोजच्या स्वतःच्या प्लेअरमध्ये किंवा फोटो अॅपमध्येच उघडायला हवं असेल तर मायक्रोसॉफ्ट स्टोअरमध्ये 'एचईव्हीसी व्हिडिओ एक्स्टेन्शन्स' मिळतं. अमेरिकेत त्याची किंमत ०.९९ डॉलर आहे, आपल्याकडेही रक्कम छोटीच आहे. घेण्याआधी सेटिंग्जमधली इन्स्टॉल झालेल्या अॅपची यादी तपासा. काही कंपन्या लॅपटॉपसोबतच ते देतात आणि नावापुढे 'फ्रॉम डिव्हाइस मॅन्युफॅक्चरर' असं असतं. एचईआयसी फोटोंसाठी 'एचईआयएफ इमेज एक्स्टेन्शन्स' फुकट आहे, पण बऱ्याच जणांची फसगत इथे होते: ते टाकूनही आयफोनचा फोटो उघडत नाही, कारण आतलं चित्र एचईव्हीसीनेच दाबलेलं असतं आणि त्याला ते पैशाचं एक्स्टेन्शन लागतंच. पैसे द्यायचे नसतील तर जिम्प हा फुकट प्रोग्रॅम एचईआयसी उघडतो. तिथून जेपीजी म्हणून एक्स्पोर्ट करा आणि अर्जाला लावा. अर्जाचा फोटो व्हॉट्सअॅपवरून फिरवून जेपीजी करायची युक्ती चालते, पण फोटो बारीक आणि धूसर होतो, आणि तो नाकारला जायची भीती उरते.

खरं औषध फोनमध्येच आहे

आयफोनमध्ये सेटिंग्ज, मग कॅमेरा, मग फॉरमॅट्स. तिथे 'हाय इफिशियन्सी' निवडलेलं असतं. कार्यक्रमाआधी 'मोस्ट कंपॅटिबल' करा. मग व्हिडिओ एच.२६४ मध्ये आणि फोटो जेपीजीत येतील. सॅमसंग आणि इतर अँड्रॉइड फोनांत कॅमेऱ्याच्या सेटिंग्जमध्ये 'हाय इफिशियन्सी व्हिडिओ' असा पर्याय असतो, तो बंद ठेवा.

याची किंमत जागेत मोजावी लागते. आयफोनवर १०८०पीचा एक मिनिटाचा व्हिडिओ एचईव्हीसीत साधारण ६० एमबी होतो, तोच एच.२६४ मध्ये १३० एमबी. फोरके असेल तर १७० एमबीच्या जागी ३५० एमबी. शिवाय 'मोस्ट कंपॅटिबल'मध्ये सेकंदाला ६० फ्रेमचा फोरके मिळत नाही आणि एचडीआरही (उजेड-सावलीतला जास्त फरक टिपणारी पद्धत) नाही. घरच्या कार्यक्रमाला यातलं काही अडत नाही असं माझं मत आहे. मंडळाची मिरवणूक चार-पाच फोनांवर टिपायची असेल तर सगळ्यांनी आधीच ही सेटिंग बदलावी, म्हणजे नंतर जोडणाऱ्याचा जीव जात नाही.

आधीच काढलेले व्हिडिओ केबलने घेताना आणखी एक खोडा येतो. आयफोनच्या फोटोंच्या सेटिंग्जमध्ये तळाशी 'ट्रान्सफर टू मॅक ऑर पीसी' आहे; नव्या आवृत्तीत आधी अॅप्समध्ये जाऊन फोटोज उघडावं लागतं. ते 'ऑटोमॅटिक'वर असलं की फोन कॉपी करता करता रूपांतर करायचा प्रयत्न करतो, आणि अर्ध्यातच विंडोज सांगते की जोडलेलं उपकरण चालत नाहीये. लोक केबल बदलतात, पोर्ट बदलतात. त्याची गरज नाही. 'कीप ओरिजिनल्स' करा, कॉपी सुरळीत होईल. मग लॅपटॉपवर व्हीएलसी आणि हँडब्रेक आहेतच.

पण असं होतंच का?

ही बाजू मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. लोक लॅपटॉपला दोष देतात, दुकानदाराला देतात, स्वतःला देतात. 'आम्हाला या मशिनीतलं काही कळत नाही,' असं एक काकू मला म्हणाल्या. त्यांचा मुलगा सैन्यात आहे, त्याने पाठवलेला व्हिडिओ दिसत नव्हता. त्यांना न कळण्यासारखं त्यात काही नव्हतं. त्या पडद्यामागे पेटंटचं भांडण आहे.

व्हिडिओ जसाच्या तसा साठवला तर काही मिनिटांत फोन भरेल. म्हणून तो दाबून ठेवायची पद्धत लागते, तिला कोडेक म्हणतात. एच.२६४ ही पद्धत २००३ साली ठरली. त्याहून निम्म्या जागेत तोच दर्जा देऊ शकणारी एच.२६५, म्हणजेच एचईव्हीसी, २०१३ साली आली. या दोन्हींत अनेक कंपन्यांच्या कल्पना आहेत आणि त्या कल्पनांवर पेटंटं आहेत. एच.२६४ च्या वेळी बरीचशी पेटंटं एमपीईजी एलए नावाच्या एकाच संस्थेकडे गोळा झाली होती. वस्तू बनवणाऱ्याने तिथे परवाना घेतला की बहुतांश काम भागायचं.

एच.२६५ च्या वेळी ही एकी राहिली नाही. एमपीईजी एलएने दर जाहीर केला: पहिली एक लाख उपकरणं सोडून पुढच्या प्रत्येकाला २० सेंट, आणि वर्षाला कमाल अडीच कोटी डॉलर. २०१५ साली काही कंपन्यांनी वेगळी चूल मांडली, एचईव्हीसी अॅडव्हान्स नावाने. २०१७ साली व्हेलॉस मीडिया हा तिसरा गट आला. काही पेटंटधारक कुठल्याच गटात गेले नाहीत. म्हणजे एकाच कोडेकसाठी तीन दारांत पैसे भरायचे, आणि तरीही चौथा कोणी दावा ठोकणार नाही याची खात्री नव्हती.

याचा परिणाम थेट आपल्या टेबलावर आला. ॲपलने २०१७ साली आयओएस ११ पासून आयफोनचे व्हिडिओ एचईव्हीसीत काढायला सुरुवात केली. त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० च्या नव्या आवृत्तीतून एचईव्हीसी बाहेर काढून स्टोअरमध्ये वेगळं ठेवलं. एकीकडे फोन ही फाइल बनवू लागला, दुसरीकडे लॅपटॉपमधून ती उघडायची चावी निघाली. आजही तुम्ही जो काळा पडदा बघता तो त्या वर्षापासूनचा आहे.

मग यूट्यूब कसं चालतं? गूगलने स्वतःचा व्हीपी९ हा कोडेक २०१३ साली आणला आणि तो रॉयल्टीशिवाय खुला ठेवला. पुढे २०१५ साली गूगल, मोझिला, नेटफ्लिक्स, अॅमेझॉन, सिस्को, इंटेल आणि मायक्रोसॉफ्ट यांनी मिळून अलायन्स फॉर ओपन मीडिया उभी केली, आणि २०१८ साली एव्ही१ हा कोडेक आणला. एच.२६५ च्या परवान्यांचा गुंता हे त्यामागचं एक मोठं कारण होतं. तुम्ही यूट्यूबवर जे पाहता ते बहुधा व्हीपी९, एव्ही१ किंवा जुन्या एच.२६४ मध्ये असतं. व्हॉट्सअॅपही व्हिडिओ पाठवताना तो एच.२६४ मध्ये बदलून लहान करतं, म्हणून तो दिसतो. तोच व्हिडिओ 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवला की मूळ एच.२६५ जसाच्या तसा येतो आणि पुन्हा काळा पडदा. आता तुम्हाला कळेल की भावाने पाठवलेला चालला आणि मेहुण्याने पाठवलेला का चालला नाही.

व्हीएलसीला हे कसं जमतं, असंही विचारतात. तो बनवणारी व्हिडिओलॅन ही संस्था फ्रान्समधली, ना-नफा तत्त्वावरची. सॉफ्टवेअरवरची पेटंटं फ्रान्सच्या कायद्यात ग्राह्य नाहीत, अशी तिची भूमिका आहे, आणि त्या आधारावर ती सगळे कोडेक फुकट देते. परवान्याचे पैसे मागितले जातात ते वस्तू बनवणाऱ्या आणि विकणाऱ्या कंपन्यांकडे. घरी बसून मुलीच्या बारशाचा व्हिडिओ बघणाऱ्या माणसाच्या मागे कोणी लागत नाही, तेव्हा व्हीएलसी वापरताना मनात धाकधूक ठेवू नका.

हे भांडण अजून मिटलेलं नाही. २०२५ साली एचपी आणि डेलच्या काही व्यावसायिक लॅपटॉपांमध्ये प्रोसेसरमध्ये असलेली एचईव्हीसीची सोयच बंद ठेवलेली आढळली. चिप तीच, ताकद तीच, पण ब्राउझरमध्ये एचईव्हीसी व्हिडिओ लागत नाही. कार्यालयासाठी असा लॅपटॉप घेणाऱ्यांनी विकत घेण्याआधी त्याच्या माहितीपत्रकात एचईव्हीसीबद्दल काय लिहिलंय ते वाचावं. घेऊन झाला असेल तर व्हीएलसी तिथेही चालतो. तो सारं गणित सॉफ्टवेअरमध्ये करतो, बॅटरी तेवढी लवकर उतरते.

विंडोजच्या जागी लिनक्स ही फुकटची प्रणाली वापरणाऱ्यांना, आणि जुन्या कॉम्प्युटरवर लिनक्स टाकून घेतलेल्या शाळांना, हे आणखी जवळून भोवतं. २०२२ साली फेडोरा या लिनक्सच्या एका प्रकाराच्या ३७ व्या आवृत्तीत एच.२६४ आणि एच.२६५ ची हार्डवेअरची मदत काढून टाकली गेली, कारण पुन्हा पेटंट. तिथे आरपीएम फ्यूजन हे प्रोग्रॅमचं वेगळं भांडार जोडून ती परत आणता येते. उबंटू हा लिनक्सचा दुसरा प्रकार, तो बसवतानाच 'जादा मीडिया फॉरमॅट'च्या चौकोनात खूण करा. राहून गेली असेल तर 'उबंटू रिस्ट्रिक्टेड एक्स्ट्राज' हे पॅकेज नंतर टाका. फायरफॉक्स ब्राउझरमध्ये सिस्कोचा ओपनएच२६४ नावाचा प्लगइन (जोडप्रोग्रॅम) दिसला तर तो काढू नका. सिस्कोने २०१३ साली तो खुला करायचं जाहीर केलं आणि त्याच्या परवान्याचे पैसे स्वतः भरायचं ठरवलं, म्हणून तो आपल्याला फुकट मिळतो. अशी कामं झाली की मला मनापासून बरं वाटतं.

जुन्या लोकांना आठवत असेल, २००६ च्या सुमारास सायबर कॅफेत इंटरनेट एक्स्प्लोररमध्ये प्रत्येक फ्लॅशच्या (वेबपानावरच्या हलत्या चित्रांच्या) चौकटीवर आधी एकदा क्लिक करावं लागायचं, तेव्हा ती जिवंत व्हायची. ईओलास नावाच्या कंपनीने मायक्रोसॉफ्टवर पेटंटचा दावा लावला होता, २००३ साली ज्युरीने ५२ कोटी डॉलरची भरपाई ठरवली होती, आणि त्यातून वाट काढायला मायक्रोसॉफ्टने ते जादा क्लिक घातलं. २००७ साली तडजोड झाली आणि पुढे ते क्लिक गेलं. अमेरिकेतल्या एका कोर्टातल्या खटल्याने बेळगावातल्या माणसाला रोज जादा क्लिक करायला लावलं. एमपी३ चंही तसंच: लिनक्सवर गाणी वाजवायला वेगळं पॅकेज टाकावं लागायचं, मुख्य पेटंटं संपली, २०१७ साली परवान्याचा कार्यक्रम बंद झाला आणि त्याच वर्षी फेडोराने एमपी३ पूर्णपणे आत घेतलं. एच.२६५ चं काय होणार याचा अंदाज त्यावरून बांधता येतो. पेटंट साधारण २० वर्षं टिकतं, आणि हा कोडेक २०१३ चा आहे.

भारतात सॉफ्टवेअरवर पेटंट नाही ना?

व्हीटीयू या तंत्रशिक्षणाच्या विद्यापीठाचं मुख्यालय आपल्याच बेळगावात, त्यामुळे इंजिनिअरिंगची मुलं हा प्रश्न हमखास विचारतात. पेटंट कायदा १९७० च्या कलम ३(के) मध्ये म्हटलंय की गणिती वा व्यापारी पद्धत, निव्वळ कॉम्प्युटर प्रोग्रॅम आणि अल्गोरिदम हे शोध मानले जाणार नाहीत. २००४ च्या शेवटी अध्यादेश काढून ही अट सैल करायचा प्रयत्न झाला होता. २००५ साली संसदेने कायदा केला तेव्हा तो बदल वगळला. ही गोष्ट आपल्या पोरांना माहीत असायला हवी, कारण त्यामुळे छोट्या प्रोग्रॅमरला भारतात मोकळेपणाने काम करता येतं.

पण 'निव्वळ' या अटीपाशी वाट निघते. उपकरणासोबत बांधलेल्या तंत्राला, फोनच्या नेटवर्कच्या वा व्हिडिओच्या मानकात (सगळ्यांनी पाळायच्या ठरलेल्या पद्धतीत) बसलेल्या तंत्राला भारतातही पेटंट मिळतात आणि त्यावर खटले होतात. डिसेंबर २०१४ मध्ये एरिक्सन या फोन नेटवर्कच्या कंपनीच्या दाव्यावर दिल्ली उच्च न्यायालयाने शाओमीच्या फोनांची भारतातली विक्री थांबवली होती. काही दिवसांत क्वालकॉमची चिप असलेल्या फोनांना मुभा मिळाली. मार्च २०२४ मध्ये त्याच न्यायालयाने एरिक्सनच्याच दाव्यात लाव्हा या भारतीय कंपनीला २४४ कोटी रुपये भरायला सांगितले. हा पैसा शेवटी फोनच्या किमतीतूनच निघतो. शोध लावणाऱ्याला मोबदला मिळावा हे मला मान्य आहे. ज्या माणसाने फोन घेताना एकदा परवान्याचे पैसे भरलेत, त्याला स्वतःच्याच घरचा व्हिडिओ बघायला लॅपटॉपवर पुन्हा भरावे लागतात, हे मला मान्य नाही.

उरलेल्या अडचणी

रंग फिके, धुरकट दिसत असतील तर व्हिडिओ एचडीआरमध्ये काढलेला आहे. आयफोन १२ पासून पुढे हे आपोआप होतं. कॅमेऱ्याच्या सेटिंग्जमध्ये 'रेकॉर्ड व्हिडिओ'त जाऊन 'एचडीआर व्हिडिओ' बंद करा.

लग्नाचं एडिटिंग करणाऱ्यांसाठी: डाविंची रिझॉल्व्ह या एडिटिंगच्या प्रोग्रॅमची फुकटची आवृत्ती लिनक्सवर एच.२६४ आणि एच.२६५ दोन्ही घेत नाही, आणि एएसी (फोनच्या व्हिडिओतल्या आवाजाचा कोडेक) हा आवाजही घेत नाही. काम रोजचं असेल तर विंडोजवर करा.

पेनड्राइव्ह टीव्हीला लावून दाखवायचं असेल तर टीव्ही जुना असो वा नवा, एच.२६४ चीच एमपी४ प्रत न्या. मंडपात भाड्याने आणलेल्या एलईडी पडद्यालाही हेच लागू. प्रत तयार झाली की कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी त्याच टीव्हीवर किंवा त्याच पडद्याच्या लॅपटॉपवर एकदा लावून बघा, आणि आवाजासोबत चित्रही शेवटपर्यंत सरकतंय ना, एवढं तपासा.